गिअरबॉक्सला न कळलेली ताकद : अमेरिकी डिझेल पिकअप आणि ट्युनर यांच्या इतिहासाचे एक वाचन

१

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीने लिहिला जातो. कोणी, कोठे आणि कोणत्या साली काय प्रथम घडवले याची नोंद झाली की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्याची प्रथा आहे. यंत्र मोडते कसे, मोडल्यावर दोष कोणाच्या माथी जातो आणि त्या दोषनिवाड्यातून समाजाचे कोणते चित्र उमटते, हे प्रश्न मात्र गॅरेजात सोडून दिले जातात. बिघाडाचाही इतिहास लिहिला जावा असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेख हा त्या दिशेने केलेला एक लहानसा प्रयत्न आहे.

आमचा प्रश्न वरकरणी अगदी किरकोळ आहे : इंजिनाची ताकद वाढवणारे ‘ट्युनर’ ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इजा करतात काय? अमेरिकेत हा वाद तीसेक वर्षे चालू आहे. ट्युनर विकणारे म्हणतात की गाडीत मुळातच दडवून ठेवलेली ताकद आम्ही केवळ मोकळी करतो. गिअरबॉक्स दुरुस्त करणारे जळालेल्या चकत्या पुढे ठेवतात. गाडीचा मालक या दोघांच्या मध्ये उभा असतो आणि दुरुस्तीचे हजारो डॉलर बहुधा त्याच्याच खिशातून जातात.

प्रारंभी दोन शब्दांचा उलगडा करणे आवश्यक आहे. ‘ट्रक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घाटात धापा टाकणारी मालगाडी उभी राहते. अमेरिकेत सामान्य बोलण्यात ट्रक म्हणजे पुष्कळदा पिकअप : पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि त्याहीमागे जोडलेला घोड्यांचा, होडीचा किंवा गवताच्या गाठींचा ट्रेलर. शेतकरी, गुरेपालक, लहान कंत्राटदार यांची ती रोजीरोटीची गाडी आहे. दुसरा शब्द ‘ट्युनर’. हे इंजिनातील इंधनाचे प्रमाण आणि ते फवारण्याची वेळ बदलणारे एक उपकरण असते. कधी डबी, कधी चिप, तर कधी गाडीच्या संगणकात भरलेला नवा प्रोग्रॅम. मूळ शब्द वाद्य सुरात लावण्याचा आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तंबोऱ्याची एकच तार चढवून बाकीच्या जागच्या जागी ठेवल्या, तर त्याला आपण सुरात लावणे म्हणणार नाही.

२

गिअर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेच्या मुळाशी जहाजे आहेत. जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर या अभियंत्याने १९०५ साली तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले, ते जहाजांवरील टर्बाइनसाठी. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत आणि मध्ये तेल असावे. एक पंखा फिरला की तेल दुसऱ्याला फिरवते, लोखंड लोखंडाला टेकतही नाही. ही कल्पना पुढे मोटारीत आली. जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला ‘हायड्रामॅटिक’ हा गिअरबॉक्स १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबाईल गाड्यांत विक्रीला आला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांतही बसवला गेला. १९४८ साली ब्यूइकने ‘डायनाफ्लो’ आणला आणि तेलाच्या त्या जोडणीची जागा ‘टॉर्क कन्व्हर्टर’ने घेतली. हे साधन शक्ती नुसती पोहोचवत नाही, तर गाडी जागेवरून हलताना पिळाचे बल काही काळ वाढवूनही देते.

हे पिळाचे बल, ज्याला पाठ्यपुस्तकांत ‘आघूर्ण’ आणि गॅरेजात ‘टॉर्क’ म्हणतात, आपल्या विषयाचे मर्म आहे. एक फूट लांबीचा पाना नटाला आडवा लावावा आणि त्याच्या टोकाला ४०० पौंड, म्हणजे सुमारे १८१ किलो, वजन टांगावे. नटावर पडणारा तो पीळ ४०० पौंड-फूट होय. अश्वशक्ती म्हणजे हा पीळ आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. जाहिरातीत अश्वशक्ती मिरवते. गिअरबॉक्सला सोसावा लागतो तो पीळ.

तो सोसण्याची त्याची रीत अशी. आत ‘क्लच पॅक’ असतात : तेलात बुडालेल्या चकत्यांचे गठ्ठे, एक चकती घर्षणाच्या अस्तराची, पुढची पोलादाची. तेलाचा दाब आला की गठ्ठा आवळला जातो आणि तो गिअर लागतो. दाब गेला की सुटतो. चकत्या घट्ट धरून राहतील की एकमेकींवरून घसरतील, हे त्या दाबावर ठरते. दाब किती हवा हे इंजिन त्या क्षणी किती पीळ देत आहे यावर अवलंबून असते. म्हणजे गिअरबॉक्सला दोन गोष्टी लागतात : पुरेसे अंगबळ, आणि इंजिनाकडून येणारी खरी वार्ता. पुढील सारा इतिहास या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

३

१९८९ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या डॉज राम पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन बसवले. कमिन्स ही इंडियाना राज्यातील कोलंबस गावची, १९१९ साली स्थापन झालेली कंपनी. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू करून मराठी नियतकालिकांच्या इतिहासात स्थान मिळवलेला उद्योगसमूह तो हाच. इंजिने आणि मासिके एकाच घराण्याच्या छत्राखाली नांदल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

राममधले हे इंजिन अवघ्या १६० अश्वशक्तीचे होते, परंतु त्याचा पीळ ४०० पौंड-फूट होता आणि तो अगदी कमी फेऱ्यांवर मिळत असे. त्याच्या मागे जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र ‘टॉर्कफ्लाइट ७२७’ या घराण्याचा, म्हणजे १९६२ साली पेट्रोल इंजिनांसाठी बाजारात आलेला. पुढे त्यात चौथा गिअर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे यांची भर पडत गेली; ४७आरएच, ४७आरई, ४८आरई ही त्याच वंशातली नावे. पायाचा ढाचा जुना राहिला आणि वरचे मजले वाढत गेले.

याचा ताण कंपनीला ठाऊक होता काय? या प्रश्नाचे उत्तर गुप्त दफ्तरांत शोधण्याची गरज नाही. ते कंपनीच्या स्वतःच्या माहितीपत्रकांत आहे. १९९४ साली हाती गिअरची राम घेणाऱ्यास १७५ अश्वशक्ती मिळे, ऑटोमॅटिक घेणाऱ्यास १६०. १९९६ मध्ये हे आकडे २१५ आणि १८० झाले. १९९८ च्या मध्यास २४ व्हॉल्व्हचे नवे इंजिन आले, तेव्हा हाती गिअरला २३५ अश्वशक्ती व ४६० पौंड-फूट, आणि ऑटोमॅटिकला २१५ अश्वशक्ती व ४२० पौंड-फूट. २००१ मध्ये ५०५ पौंड-फुटांचे ‘हाय आउटपुट’ इंजिन विक्रीस आले, ते फक्त सहा गिअरच्या हाती गाडीतच.

इंजिन एकच, कारखाना एकच. मग ही तफावत कशासाठी? गिअरबॉक्स किती सोसेल हे पाहून कंपनीने इंजिनाचा हात आखडता घेतला होता, एवढाच या आकड्यांचा अर्थ लागतो. आम्हांस हे आकडे इतिहासाचे अव्वल दर्जाचे साधन वाटतात. जे वाक्य कंपनीने कोठेही स्पष्टपणे लिहिले नाही, ते तिच्या दरपत्रकातील दोन स्तंभांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाचता येते. ‘दडवलेली ताकद मोकळी करतो’ हे ट्युनर विकणाऱ्याचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. ताकद खरोखरच दडवलेली होती. ती कोणासाठी दडवली होती, हे मात्र तो सांगत नाही.

४

ताकद वाढवण्याच्या साधनांचा इतिहास हा इंधनाच्या पंपाचा इतिहास आहे, आणि तो पायरीपायरीने स्पर्शाकडून संकेताकडे गेलेला दिसतो. पहिल्या काळातील (१९८९ ते १९९३) बॉशच्या पंपावर एक स्क्रू होता. तो पिळला की जास्त डिझेल जाई. १९९४ पासून आलेल्या पंपात इंधनाची कमाल मर्यादा ठरवणारी एक लहानशी पोलादी पट्टी असे; हौशी मालक ती पुढे सरकवीत किंवा घासून तिचा आकार बदलीत. या काळात ताकद वाढवणे म्हणजे हाताला ग्रीस लागणे होते. काय केले ते डोळ्यांना दिसे, आणि नळीतून निघणारा काळा धूर त्याची जाहीर कबुली देई.

१९९८ च्या पंपाने इलेक्ट्रॉनिक आज्ञा घ्यायला सुरुवात केली आणि डब्यांचे युग आले. पंपाला जाणाऱ्या तारेला छेद देऊन मध्ये डबी बसवायची. संगणकाने जेवढा वेळ डिझेल सोड म्हणून सांगितले, त्याहून किंचित अधिक वेळ ती पंपाला सोडायला लावी. २००३ मध्ये ‘कॉमन रेल’ आली. यात सर्व इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या एका नळीत डिझेल अतिशय उच्च दाबाखाली साठवलेले असते. येथील डबीची युक्ती अधिक सूक्ष्म होती : दाब मोजणाऱ्या सेन्सरचा संदेश वाटेत अडवून ती तो कमी करून सांगे. संगणकाला वाटे दाब पडला. तो बिचारा दाब वाढवी. हळूहळू डब्याही मागे पडल्या आणि निदानासाठी ठेवलेल्या खोबणीतून थेट संगणकाची मूळ आज्ञावलीच बदलणारे प्रोग्रॅमर आले. काम पाच-दहा मिनिटांचे, हात स्वच्छ.

या प्रवासातील फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. स्क्रू पिळणारा इंजिनाला जास्त खायला घालत होता. डबी बसवणारा इंजिनाच्या संगणकाला खोटे सांगत होता. या खोट्याचे परिणाम इंजिनापुरते राहत नाहीत, कारण त्याच संदेशांवर विसंबून असलेला दुसरा एक ऐकणारा गाडीत आहे.

५

तो ऐकणारा म्हणजे गिअरबॉक्स. ४७आरईच्या बाबतीत हे फार स्पष्टपणे दिसते. त्याच्यातील तेलाचा दाब एका केबलच्या ओढीवर कमीजास्त होतो. पाय अॅक्सिलरेटरवर जितका दाबावा, तितकी केबल ओढली जाते, तितका दाब वाढतो. कारखान्याने पायाची स्थिती आणि इंजिनाचा पीळ यांचे एक नाते गृहीत धरले होते. अर्धा पाय म्हणजे अमुक पीळ. ट्युनर हे नाते मोडतो. आता अर्ध्या पायावरच पूर्वीच्या पूर्ण पायाइतका पीळ येतो, पण केबल अर्धीच ओढलेली असते. चकत्या अर्ध्या पिळाच्या बेताने आवळलेल्या, आणि अंगावर येतो पूर्ण पीळ. परिणाम एकच : त्या घसरतात.

घसरणे म्हणजे उष्णता. हिशेब साधा आहे. ६०० पौंड-फूट पीळ सोसणारा क्लच मिनिटाला अवघ्या १०० फेऱ्यांच्या फरकाने घसरत असेल, तर सुमारे साडेअकरा अश्वशक्ती, म्हणजे साडेआठ किलोवॉट, उष्णतेच्या रूपात त्या चकत्यांत मुरते. घरातील दोन किलोवॉटचे चार गिझर एकदम सुरू करावेत आणि ती सारी आच दोन वितींच्या जागेत कोंडावी, अशी ही कल्पना. अस्तर काळवंडते, गुळगुळीत होते, त्याची पकड आणखी सुटते, म्हणून ते आणखी घसरते. तेल करपते आणि वंगणाचा गुण गमावते. त्याच करपलेल्या तेलातून चकतीचे कण व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन बसतात, आणि मग ज्या गिअरचा मुळात काही दोष नव्हता तोही अडखळू लागतो. ४७आरईत सर्वांत आधी बळी जाई तो बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमधील ‘लॉक-अप’ क्लच, कारण हमरस्त्यावर सारा पीळ एका चकतीवर तोललेला असे.

हाती गिअरच्या गाडीत असा अनर्थ चालकापासून लपत नाही. क्लच घसरला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र चढत नाही. पायाखालच्या पेडलला ते कळते. ऑटोमॅटिकने चालकाला पेडलपासून मुक्त केले आणि त्याबरोबर त्या ज्ञानापासूनही. टॉर्क कन्व्हर्टरची थोडी घसरण तर मूळ रचनेतच असते. तेव्हा कोणती घसरण नेहमीची आणि कोणती घातक, हे कानाला ओळखू येणे कठीण. जळका वास येईपर्यंत साक्षीदारच नसतो.

अर्थात येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ट्युनर लावला आणि गिअरबॉक्स गेला, म्हणून ट्युनरमुळे गिअरबॉक्स गेला, असे अनुमान घाईचे ठरेल. ट्युनर घेणारा माणूस बहुधा पायही जोरात दाबतो, ट्रेलरही जड ओढतो. या वंशातील कित्येक गिअरबॉक्स ट्युनर न लावताच निकामी झाले, आणि कित्येक गाड्या सौम्य ट्यून घेऊन वर्षानुवर्षे धावल्या. दोष सिद्ध करायचा तर कार्यकारणाची साखळी दाखवता आली पाहिजे. केबल आणि दाब यांचे तुटलेले नाते ही ती साखळी आहे. ती दाखवल्यावाचून केलेला आरोप, आणि ती दाखवल्यावरही केलेला इन्कार, दोन्ही आम्ही सारखेच अविश्वसनीय मानतो.

६

ही साखळी तोडता येते, हे इतर कंपन्यांच्या गाड्यांनी दाखवले. फोर्डच्या ७.३ लिटर ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेलमध्ये इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांचा कारभार एकाच संगणकाकडे आला. त्यामुळे चिप लिहिणाऱ्याला दोन्हींपर्यंत पोहोचता येई. जाणता ट्युनर ताकद वाढवताना तेलाचा दाबही वाढवी आणि गिअर बदलण्याची क्रिया आवळून घेई, म्हणजे चकत्या घसरत राहण्याचा काळ कमी होई. अजाणता ट्युनर फक्त डिझेल वाढवी. दोघांची चिप बाहेरून सारखीच दिसे. याचा अर्थ दाब कितीही वाढवावा असा नाही. फार दाबाने गिअर धक्का देऊन पडतात आणि चकत्या वाचल्या तरी शाफ्ट तुटण्याची भीती असते. सौम्य ट्यूनची भर गिअरबॉक्सच्या मूळ राखीव क्षमतेत मावते. तीव्र ट्यूनला मात्र आतले सामानच बदलावे लागते : अधिक चकत्यांचा कन्व्हर्टर, बळकट शाफ्ट, मोठा ऑइल कूलर.

जनरल मोटर्सने २००१ मध्ये ड्युरामॅक्स डिझेलला अॅलिसन कंपनीचा पाच गिअरचा ‘१०००’ हा ऑटोमॅटिक जोडला. इंजिनाचे आकडे ३०० अश्वशक्ती आणि ५२० पौंड-फूट. अॅलिसन ही अवजड वाहनांच्या गिअरबॉक्सांसाठी नावाजलेली. या गिअरबॉक्सला स्वतःचा संगणक होता. इंजिन किती पीळ देत आहे हे तो इंजिनाच्या संगणकाकडून ऐके. परंतु केवळ ऐकीव माहितीवर विसंबून राहत नसे. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग तो स्वतः मोजी. लागलेल्या गिअरच्या प्रमाणाशी हे वेग जुळले नाहीत, म्हणजे चकत्या घसरत आहेत हे ओळखून तो गाडीला एकाच ठरावीक गिअरवर आणून ठेवी. अमेरिकी चालक याला ‘लिंप मोड’, म्हणजे लंगडत चालणे, म्हणतात.

ट्युनर लावलेल्या अनेक ड्युरामॅक्स गाड्या भर चढावर अशा लंगड्या झाल्या आणि मालक गिअरबॉक्सवर चिडले. वस्तुतः या इतिहासातील हा पहिला गिअरबॉक्स, ज्याने खोटी वार्ता पकडली. तक्रार नोंदवून तो स्वतःला आणि मालकाच्या पैशाला वाचवीत होता. काहींनी पुढे ही संरक्षक मर्यादाच प्रोग्रॅममधून सैल करून घेतली. साक्षीदाराचे तोंड बंद केल्यावर काय होते, हे वेगळे सांगायला नको.

कंपन्यांनीही धडा घेतला. २०१३ च्या राममध्ये आकडे पूर्ण उलटले : हाती गिअरला ६६० पौंड-फूट, कंपनीच्या स्वतःच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला ८००, आणि जपानी आयसिन कंपनीच्या ऑटोमॅटिकला ८५०. ज्याला वीस वर्षे कमी वाढले जात होते, तोच आता पंक्तीत पहिला बसला. इंजिनाशी सतत बोलणारा, पीळ क्षणभर आवरायला लावून मगच गिअर बदलणारा ऑटोमॅटिक हा माणसाच्या पायापेक्षा विश्वासू ठरला होता. २०१८ नंतर राममधून हाती गिअर नाहीसाच झाला.

७

राहिला प्रश्न दोषाचा. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावे लागते. म्हणून कंपन्या पुरावा शोधू लागल्या. जनरल मोटर्सने ड्युरामॅक्स-अॅलिसनच्या मोठ्या दुरुस्त्यांपूर्वी संगणकातील प्रोग्रॅमचे ओळखआकडे मूळ आकड्यांशी ताडून पाहण्याचा दंडक घातला. साहित्याच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. ही पाठचिकित्साच आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही प्रश्न हाच होता : मूळ कोणते आणि मागाहून घुसडलेले कोणते. फरक हेतूचा आहे. एकनाथांना मूळ पाठ सर्वांसाठी परत मिळवायचा होता. कंपनीला प्रक्षेप दाखवून हात झटकायचे असतात. मूळ प्रत मात्र तिच्या स्वतःच्याच कुलुपात असते. वाचकाला, म्हणजे मालकाला, ती कधीच पाहायला मिळत नाही.

शिवाय मूळ प्रत निर्मळ असते असेही नाही. १९९८ साली कमिन्ससह सात डिझेल इंजिन उत्पादकांनी अमेरिकी सरकारशी तडजोड केली. चाचणीत एक आणि हमरस्त्यावर दुसरे असे इंजिनाचे वर्तन ठेवणारे प्रोग्रॅम त्यांनी वापरले, असा आरोप होता. दंड ८ कोटी ३४ लाख डॉलरचा. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने २०१३ ते २०२३ या काळातील राम पिकअपच्या इंजिनांबाबत अशाच स्वरूपाच्या आरोपांवरून १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. आरोप मात्र तिने कबूल केले नाहीत. दुसरीकडे, २०२० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने काढलेल्या अंदाजानुसार आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रणे ट्युनरसारख्या साधनांनी निकामी केली गेली होती. संगणकाला खोटे सांगण्याची विद्या ही एकट्या गॅरेजवाल्याची मिरास नव्हती, एवढे तरी या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर मान्य करावे लागते. एकाने गिअरबॉक्सला फसवले, तर हवेला दोघांनीही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. ट्युनर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इजा करू शकतात. जुन्या ४७आरईसारख्या गिअरबॉक्सला तर सहज. पण ही इजा ताकद वाढली एवढ्यानेच होत नाही. वाढलेली ताकद गिअरबॉक्सला कळली नाही, किंवा कळूनही ती पेलण्याइतके अंगबळ त्याच्यापाशी नसले, म्हणजे ती होते. थोडी वाढ, दाबाची योग्य जोड, तेलाच्या तापमानावर लक्ष आणि मागे जड ट्रेलर असताना आवरलेला पाय, एवढ्या गोष्टी सांभाळल्या तर धोका पुष्कळ कमी होतो. संपत नाही, कारण कंपनीने राखलेली शिल्लक किती होती हे मालकाला कोणी सांगितलेले नसते.

ही न सांगितलेली शिल्लक आम्हांस सर्वांत बोचते. १९९४ पासून दरपत्रकात दोन आकडे शेजारी शेजारी छापले जात होते आणि त्यांतील फरकाचे कारण एका ओळीत छापणे अवघड नव्हते : या गिअरबॉक्सला याहून अधिक पीळ सोसणार नाही. ती ओळ छापली असती, तरी काहींनी डबी लावलीच असती. परंतु ती लावणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक असते, आणि गिअरबॉक्स गेल्यावर ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाला तो एकटाच उत्तरदायी आहे असे म्हणण्याचा अधिकार इतरांना थोडा तरी मिळाला असता.